मॅडम कुणाच्या पेशंट?

माझी वहिनी पडली तेव्हा मी एका निवृत्त मास्तरांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. फोन दादाचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. घरांचे नकाशे काढतो आणि बोलतोही मोजूनमापून. तो एवढंच म्हणाला की ती पडली, हॉस्पिटलातच पडली, तू ये. मला वाटलं, घाईत जिन्यावरून पाय घसरला असेल. हाड मोडलं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "हृदय थांबत चाललं होतं म्हणे."

शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. माझा पाय त्यावर कधी पडला ते मला कळलंच नाही. मास्तरांचं कपाळ स्टीअरिंगवर आपटता आपटता वाचलं आणि ते बिचारे मलाच विचारू लागले, माझं काय चुकलं म्हणून. मी त्यांना तिथेच रस्त्याच्या कडेला उतरवलं. अशी वागणूक मी आजवर एकाही विद्यार्थ्याला दिली नव्हती.

वहिनी आजारी पडू शकते ही कल्पना आमच्या घरात कुणाच्या मनाला शिवलीही नव्हती. आजारी पडायचं ते आम्ही, आणि बरं करायचं ते तिने, अशी वाटणी तिचं लग्न झालं तेव्हापासून ठरलेली. ती शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन विभागाची प्रमुख. तिथे नुसतं 'मॅडम' म्हटलं की तीच. पाठीमागे मात्र तिला 'कुणाचा मॅडम' म्हणत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते नाव पडलं त्याला कारण होतं. ती नुकतीच प्रमुख झाली होती तेव्हा वॉर्डात एक म्हातारा दाखल झाला. पोटाचे डॉक्टर म्हणाले, दुखणं छातीचं आहे. छातीचे म्हणाले, पोटाचं आहे. दोघंही येऊन बघून जात, दोघंही चार औषधं सांगत आणि खरा इलाज दुसरा करतोय असं दोघंही समजत. म्हातारा गेला. अमक्याची चूक म्हणून बोट दाखवायलाही जागा नव्हती, कारण तो कुणाचाच नव्हता. त्यानंतर वहिनीने प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक पांढरी पाटी लावून घेतली. वरच्या ओळीत पेशंटचं नाव, खालच्या ओळीत डॉक्टरचं, आणि तेही एकाच. मदत हवी तर दहा जणांनी करावी, पण पेशंट एकाचा. सकाळच्या राउंडला जिथे खालची ओळ कोरी दिसेल तिथे ती थांबायची आणि शांतपणे विचारायची, "हा पेशंट कुणाचा?" नाव मिळेपर्यंत ती हलत नसे, आणि ती हलत नाही तोवर चहाला जायची कुणाची छाती होत नसे. डोक्याचे केस पिकलेले डॉक्टर शाळकरी पोरांसारखे एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहायचे.

हे सगळं मला इतकं खडानखडा माहीत असायचं कारणही तीच. रात्रपाळी करून सकाळी घरी निघालेला तिचा एक शिकाऊ डॉक्टर गाडी चालवता चालवता झोपला आणि दुभाजकावर चढला. जिवावरचं हातावर निभावलं. वहिनीने मला फोन करून सांगितलं की उद्यापासून माझ्या पोरांना तुझ्या गाडीतून घरी सोडायचं. विचारलं नाही, सांगितलं. तेव्हापासून माझ्या शिकवणीच्या गाडीत पुढे कुणीतरी थरथरत क्लच दाबतंय आणि मागे दोन डॉक्टर तोंड उघडं टाकून झोपलेत, असा तमाशा रोज सकाळी रस्त्याने जायचा. गाडी बंद पडली, धक्के बसले, कुणी कर्कश हॉर्न वाजवला, तरी ती पोरं हलायची नाहीत. जागी असली की मॅडमचं कौतुक. मॅडम राउंडला कुणाचा अपमान करत नाहीत. 'मला माहीत नाही' असं म्हणणाऱ्याला मॅडम शाबासकी देतात. ताप आला, मॅडमनी घरी पाठवलं. परीक्षा आली, मॅडमनी घरी पाठवलं. कुणाचं नुकतं लग्न झालंय, मॅडमनी हाकलूनच दिलं.

मी एकदा तिला विचारलं की तू सगळ्यांना घरी पाठवतेस, मग त्यांची कामं काय भिंती करतात? ती हसली आणि म्हणाली, "किरकोळ असतं गं. मी बघते."

किरकोळ हा तिचा लाडका शब्द. पेशंटचं काहीच तिला किरकोळ वाटत नसे, कुणाच्या करंगळीला मुंग्या आल्या तरी ती तासभर खोदून विचारणार. स्वतःचं मात्र सगळं किरकोळ. डोकं दुखतंय, किरकोळ. गुडघा धरलाय, किरकोळ. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतलाय, तेही किरकोळ. पाणी प्यायची नाही, कारण प्यायलं की मध्येच उठावं लागतं आणि राउंड मोडतो. दादा रोज बाटली भरून द्यायचा आणि ती बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी यायची. दादा ती झाडांना घालायचा. त्या घरात सगळ्यांत ठणठणीत प्रकृती झाडांची होती.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. वहिनीच्याच विभागात तिच्या खालोखालचे एक डॉक्टर होते. त्यांना सगळे 'खिडकी' म्हणत. डॉक्टर लोकांची एक रीत असते, ती मी गाडीत ऐकून ऐकून शिकले. ते स्वतः कधी पेशंट होत नाहीत. लिफ्टमध्ये, जिन्यात, चहाच्या टेबलाशी एकमेकांना सहज विचारतात, अरे, हे जरा असं असं होतंय, काय घेऊ? समोरचाही सहज सांगतो, ही गोळी घे. तपासणं नाही, नोंद नाही, पुन्हा विचारपूस नाही. त्यांच्यात ही मैत्रीची खूण समजली जाते. खिडकी मात्र कुणालाही असं औषध सांगत नसत. लिफ्टमध्ये कुणी पोट धरून उभा असला तरी खाकरून म्हणायचे, "खिडकीवर जा, केसपेपर काढा, ओपीडीत या." खुद्द हॉस्पिटलच्या मालकांना त्यांनी तसं सांगितलं होतं म्हणे. त्यामुळे त्यांच्याशी कुणाचं फारसं जमत नसे. उंच, किडकिडीत, एक हात कायम कोटाच्या खिशात, कमरेच्या पट्ट्याचं टोक बाहेर लोंबतंय आणि बोलण्याआधी दर वेळी ती खाकरणी. मला तर ते बघताक्षणीच आवडले नव्हते. वहिनी घरी त्यांची नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्या वर्षी जुने मेडिकल डायरेक्टर निवृत्त होणार होते. त्या खुर्चीसाठी दोनच नावं होती, वहिनी आणि खिडकी. वहिनीला ती खुर्ची मनापासून हवी होती. हे ती लपवत नसे, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. ती म्हणायची, एका विभागातल्या पोरांना मी झोपायला घरी पाठवते, उद्या सगळ्या हॉस्पिटलला पाठवीन. मुलाखत तोंडावर आली होती. म्हणूनच आपल्या सगळ्या दुखण्यांबद्दल तिने कुणा एकाला ताकास तूर लागू दिली नाही. केसपेपर काढला की तो दहा हातांतून जातो, आणि डायरेक्टर होऊ बघणाऱ्या बाईला ब्लडप्रेशर आहे, तिचा गुडघा गेलाय, ही बातमी समितीच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

एवढं सगळं मला नंतर जोडून समजलं. त्या दिवशी मी आयसीयूच्या दारातून आत शिरले तेव्हा माझ्या डोक्यात काहीही नव्हतं.

खाटेवर वहिनी होती. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले. सकाळच्या राउंडला एका कोऱ्या पाटीसमोर ती थांबली होती. 'हा पेशंट' एवढंच म्हणाली आणि खाली कोसळली. पुढचा शब्द राहूनच गेला. तिच्या रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके लांब लांब पडत चालले होते, आणि ते वाढलं होतं कारण दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. मला हे तिच्याच एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सांगितलं. माझ्या गाडीत मागे झोपणाऱ्यांपैकी ती एक.

खाटेभोवती सगळे होते. हाडांचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, वहिनीची कॉलेजपासूनची मैत्रीण, जी बायकांची डॉक्टर आहे, आणि मागे अख्खं हॉस्पिटल. किडनीचे डॉक्टर तेवढे परदेशी परिषदेला गेलेले, त्यांचे मदतनीस डायलिसिसचं यंत्र जोडून तयार. शिकाऊ डॉक्टरांनी पहिली इंजेक्शनं केव्हाच दिली होती, त्यांवरच ती तग धरून होती. एवढी बुद्धी एका खोलीत गोळा झालेली मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता काळजी नाही.

मग हाडांचे डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी तर फक्त गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या सांगितल्या होत्या. लिफ्टमध्ये."

हृदयाच्या डॉक्टरांनी मान वळवली. त्यांनी चहाच्या टेबलावर ब्लडप्रेशरची गोळी सांगितली होती. मैत्रिणीचा हात तोंडावर गेला. तिने जिन्यात पायांची सूज बघून लघवी जास्त व्हायची गोळी दिली होती. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणाला कुणाचं माहीत नव्हतं. तिघांना वाटत होतं, मॅडमचं सगळं बघणारं दुसरं कुणीतरी असेलच.

"मॅडम आम्हाला हेच शिकवतात," ती शिकाऊ मुलगी म्हणाली. "दर वर्षी. पहिल्याच तासाला. ह्या तीन गोळ्या एकत्र, आणि त्यात पेशंट पाणी पीत नसेल, तर किडन्या जातात."

जी गोष्ट ही बाई दर वर्षी नव्या पोरांच्या डोक्यात ठोकून बसवत होती, तीच तिने स्वतःवर करून घेतली होती. माणसाला आपल्याच घराचा पत्ता आठवू नये तसं ते होतं. मी दादाकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि तीन गोळ्या बोटांवर मोजत होता.

खरा धक्का तर पुढेच होता. डायलिसिस आत्ता लावायचं, की औषधांनी पोटॅशियम उतरतंय का ते बघायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, आधी हृदयाला आधार म्हणून पेसमेकरची तात्पुरती तार घालू. हाडांचे म्हणाले, घाई नको, मॅडमच्या अंगात ताकद नाही. मैत्रीण म्हणाली, आपण त्यांना दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला हलवू. प्रत्येक जण बोलायचा आणि मग दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. प्रत्येकाचा जीव तिच्यासाठी तुटत होता हे मला दिसत होतं, आणि एकही जण 'मी करतो' म्हणत नव्हता. इतकी वर्षं त्या मजल्यावर शेवटचा शब्द तिचा असायचा. त्यांना सवयच नव्हती.

तर त्या शहाण्यासुरत्या हृदयाच्या डॉक्टरांनी काय करावं? ते खाटेवर वाकले आणि तिला म्हणाले, "मॅडम, काय करू या?"

आणि वहिनी सांगायला लागली. डोळे उघडत नव्हते, जीभ जड झाली होती, तरी ती एकेक शब्द ओढून काढत होती. कॅल्शियम परत द्या, ग्लुकोज किती, इन्शुलिन किती. चार जण लिहून घेत होते. मध्येच ती थांबली आणि तिने विचारलं, पेशंटचं वय काय. तिच्या लक्षातच नव्हतं की पेशंट तीच आहे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बुडणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचे लोक पोहायचं कसं ते विचारत होते. मी वर बघितलं. तिच्या डोक्याशी तिनेच लावून घेतलेली पाटी होती. वर तिचं नाव. खालची ओळ कोरी.

मी ओरडले नाही. मला ओरडायचं होतं, पण आवाज बारीक निघाला. मी विचारलं, "ही पेशंट कुणाची आहे?"

त्या खोलीत हा प्रश्न आजवर एकाच तोंडून आला होता. सगळे जागच्या जागी थिजले. कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी यंत्राच्या पडद्याकडे. माझ्या भावाच्या बायकोचं हृदय पडद्यावर लांब लांब उड्या मारत होतं आणि ही माणसं मूग गिळून उभी होती.

दाराशी कुणीतरी खाकरलं. खिडकी आत आले. त्यांची ओपीडी चालू होती, ती अर्ध्यावर सोडून आले होते. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. पाटीशी गेले, तिथे दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि खालच्या ओळीत आपलं नाव लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण ठळक होतं.

"माझी पेशंट," ते म्हणाले. "डायलिसिस आत्ता लावा. ज्यांचं इथे काम नाही त्यांनी बाहेर थांबा." मग वहिनीवर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, इथे तुम्ही डॉक्टर नाही. आता गप्प पडून राहायचं."

आणि वहिनी गप्प झाली. सगळ्या आयुष्यात तिला कुणी असं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि उशीवर उतरलं. मला वाटतं, ते अपमानाचं नव्हतं. खूप वेळ ओझं धरून उभं राहिलेल्या माणसाच्या हातातून कुणी ते काढून घेतलं की होतं, तसं काहीतरी असावं.

बाहेर बाकावर दादाने मला कोपऱ्यात ओढलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता. म्हणाला, हाच माणूस मिळाला का? याला तर हिचीच खुर्ची हवी आहे. मलाही तेच खुपत होतं, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या शहराला माहीत आहे. खिडकी बाहेर आले तसं मी त्यांना तोंडावर विचारलं की तुम्हाला डायरेक्टर व्हायचंय ना?

"व्हायचंय," ते म्हणाले. जराही रागावले नाहीत. "पण समोर कुणी नसताना नको."

एवढं बोलून ते वळले. जाताना भिंतीला हात टेकवून थोडा वेळ खोकले. मला वाटलं, काय हा माणूस, दम टाकायलाही लोकांसमोरच थांबतो.

पुढचे दिवस कसेबसे गेले. डायलिसिसने ती वाचली. पण किडन्या परत कामाला लागतील की हे यंत्र जन्माचं मागे लागेल, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. खिडकी रोज येत, तपासत, आणि आम्ही विचारलं की म्हणत, मला माहीत नाही. खोटा दिलासा म्हणून कधी दिला नाही. हाडांचे डॉक्टर फळं घेऊन येत आणि दारातच रडून परत जात. मैत्रीण रोज तिचे केस विंचरून द्यायची. औषधाचं नाव मात्र कुणीही काढत नव्हतं. सगळ्यांनी कानाला खडा लावला होता.

मग एका सकाळी खाटेखालच्या पिशवीत थोडी लघवी दिसली. दादाने ती पिशवी उजेडात धरून मला दाखवली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मुलाच्या पहिल्या पावलाचंही एवढं कौतुक कुणी केलं नसेल. किडन्या हळूहळू परत आल्या, पण पूर्ण नाही. निम्म्याच, असं खिडकींनी सांगितलं. आता त्या निम्म्यांना आयुष्यभर जपायचं.

मधल्या काळात मुलाखती झाल्या. खिडकींनी समितीला थांबा म्हणून सांगितलं होतं, पण समिती थांबली नाही. खुर्ची खिडकींना मिळाली. दादाने वहिनीला ते सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिकडे बघतच म्हणाली की मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, आणि मला ते किरकोळ आहे असं म्हणायचं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. तिला ते बोलता आलं याचंच मला नवल वाटत होतं.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला मी तिला माझ्या गाडीतून घेऊन गेले. त्या दिवशी मागे ती बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, आणि ती बाटली खरंच अर्धी झाली होती. हॉस्पिटलात शिरल्यावर ती सवयीने डॉक्टरांच्या दाराकडे वळली, मग थांबली आणि नोंदणीच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. लोक वळून वळून बघत होते. खिडकीतला कारकून तिला बघून उभाच राहिला आणि तुम्ही कशाला मॅडम, तुम्ही कशाला मॅडम, असं म्हणत राहिला. तिने केसपेपर काढूनच घेतला.

डायरेक्टर झाले तरी खिडकी ओपीडी सोडत नव्हते. त्यांनी तिला नीट तपासलं. पाणी किती, मीठ किती, काम किती, सगळं सांगितलं. महिनाभर पूर्ण रजा, नंतर अर्धा दिवस, आणि दुसऱ्यांच्या वाट्याची ड्यूटी एकदाही नाही. वहिनी मान डोलवत होती. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

मग वहिनीची मान डोलायची थांबली. ती त्यांच्याकडे बघत होती. मी तिला पेशंटकडे बघताना पूर्वी पाहिलं होतं, ती नजर मला ओळखू आली.

"तुमच्या कमरेच्या पट्ट्याला ही नवी भोकं कधी पाडलीत?" तिने विचारलं.

खिडकींचा हात पट्ट्याच्या लोंबत्या टोकाकडे गेला. तेव्हा कुठे मीही नीट बघितलं. पट्ट्याला घरीच पाडलेली, वेडीवाकडी भोकं होती, एकापुढे एक. म्हणजे ते लोंबतं टोक गबाळेपणाचं नव्हतं. माणूस आतल्या आत वाळत चालला होता. कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. ती खाकरणी, तो भिंतीला टेकून काढलेला खोकला, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. हा माणूस माझ्यासमोर रोज येऊन जात होता आणि मी त्याला नावं ठेवत होते.

"खोकला कधीपासून आहे?"

ते खाकरले. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि नजर टेबलावर ठेवली.

"किरकोळ आहे," ते म्हणाले.

तोच शब्द. त्याच आवाजात. माझ्या उजव्या पायाने फरशी जोरात दाबली, पण तिथे ब्रेक नव्हता.

वहिनीने विचारलं की तुमचा डॉक्टर कोण? त्यांनी टेबलावरचा तिचाच केसपेपर सरळ केला. सगळ्या हॉस्पिटलला खिडकीवर पाठवणारा हा माणूस स्वतः त्या खिडकीवर कधी गेला नव्हता. आणि त्याने कुणाला लिफ्टमध्ये कधी गोळी सांगितली नाही म्हणून त्यालाही कुणी कधी विचारलं नव्हतं. वहिनीला निदान तीन जणांनी तरी विचारलं होतं.

वहिनी टेबलाला धरून उठली. पायांत अजून पुरतं बळ नव्हतं. "चला," ती म्हणाली.

ते म्हणाले की बाहेर पेशंट थांबलेत. ती म्हणाली की थांबतील. ते म्हणाले की तुम्ही रजेवर आहात. ती म्हणाली की मी रजेवरच आहे, पेशंट एकच घेणार आहे.

मग हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टर नोंदणीच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे माझी वहिनी उभी होती, एका हाताने माझा दंड धरून. रांग पुढे सरकली. कारकून खाली मान घालून लिहीत होता, सवयीने त्याने नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग विचारलं की कुणाकडे दाखवायचंय.

खिडकींचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, ते खोकतायत, पण ते रडत होते.

"मॅडमकडे," ते शेवटी म्हणाले. "मी मॅडमचा पेशंट आहे."